राजरटातील तळी

कोलंबोहून ईशान्येकडे निघालेला रस्ता कुरुनेगलपर्यंत नारळीच्या बागांतून जातो, आणि कोकणातून आलेल्या माणसाला या टप्प्यात आपण परमुलखात आलो आहोत याची जाणीवसुद्धा फारशी होत नाही. तीच ओलसर माती, तीच सुपारीची नि मिरवेलीची परसे, कौलारू घरांवर झुकलेली तीच झाडे. कुरुनेगलचे काळे, उघडेबोडके खडक मागे पडले की मात्र भूमीची मुद्रा पालटू लागते. नारळी विरळ होतात, आकाश एकाएकी विस्तीर्ण वाटू लागते, रस्त्याच्या दुतर्फा खुरटे पण दाट असे काटेरी रान सुरू होते, आणि सप्टेंबरच्या त्या दिवसांत माती इतकी तापलेली होती की वाऱ्याबरोबर येणारी धूळही अंगाला ऊन लागत होती. सिंहली लोक ज्याला राजरट, म्हणजे राजांचा मुलूख, म्हणतात तो प्रांत हाच.

या नावात सिंहलद्वीपाच्या इतिहासातले एक मोठे कोडे सामावलेले आहे. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे बेटाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या पर्वतराजीला अडतात आणि आपले सारे जलधन तिच्या अलीकडेच रिते करतात. पलीकडच्या उत्तरेकडील सपाट प्रदेशाला ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पडणाऱ्या ईशान्य मोसमी पावसावर भिस्त ठेवावी लागते. हा पाऊस परिमाणाने थोडा नाही. आपल्या पूर्व विदर्भाच्या तोडीचा तो आहे. परंतु तो थोडक्या महिन्यांत कोसळून जातो, भूपृष्ठाखाली थोड्याच खोलीवर कठीण खडक असल्याने जमीन त्याचा संचय करू शकत नाही, आणि उन्हाळ्यातले उष्ण वारे उरलेसुरले पाणी शोषून घेतात. असे असता, बाराही महिने हिरवागार असलेला नैर्ऋत्येचा भाग अरण्याच्या स्वाधीन ठेवून, या लोकांनी आपल्या राजधान्या सुमारे चौदा शतके याच कोरड्या प्रदेशात का वसवल्या? मी अनुराधपुराकडे निघालो तो स्तूप पाहण्याच्या ओढीने. वाटेत डोळ्यांपुढे येत राहिली ती तळी, आणि पुढचा सारा प्रवास त्यांच्याच बांधांवरून झाला.

अनुराधपुर हे नगर कमी आणि एक विशाल, विखुरलेले उद्यान अधिक वाटते. त्याच्या वृक्षराजीतून रुवनवेलिसायाचा पांढराशुभ्र घुमट दुरूनच दिसतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने तो आरंभिला. त्याहून मला स्तिमित केले ते जेतवनारामाने. तिसऱ्या शतकात महासेन राजाने सुरू केलेला हा विटांचा स्तूप मूळचा सुमारे 400 फूट उंच होता, आणि गिझाच्या दोन पिरॅमिडांनंतर त्या काळच्या जगात त्याच्याएवढी उंच वास्तू दुसरी नव्हती. त्यात नऊ कोटींहून अधिक विटा आहेत असा अंदाज केला जातो. त्या तांबूस राशीपाशी उभे राहिल्यावर मनात येणारा पहिला विचार कलेचा नसतो, अन्नाचा असतो. इतक्या विटा पाडणाऱ्या, भाजणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसांना जेवू कोण घालत होते? उत्तर नगराच्या उशाशीच पसरलेले आहे: अभय वेव, तिस्स वेव आणि नुवर वेव हे तीन तलाव.

पौर्णिमेचा दिवस होता, म्हणून शुभ्र वस्त्रे ल्यालेली कुटुंबेच्या कुटुंबे तिस्स वेवेत स्नान करून हाती कमळे घेऊन महाबोधीकडे चालली होती. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून आणलेल्या शाखेचा हा वृक्ष. त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालू आहे, आणि लागवडीची हकीकत ज्याची लिहून ठेवलेली आहे असा याहून जुना वृक्ष जगात दुसरा नाही. वार्धक्याने वाकलेल्या फांद्यांना सोनेरी मुलाम्याच्या खांबांचा आधार दिलेला आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान या नगरात दोन वर्षे राहिला, आणि अभयगिरी विहारात एका व्यापाऱ्याने मूर्तीपुढे ठेवलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा पाहून स्वदेशाच्या स्मरणाने त्याचे डोळे भरून आले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपले धर्मानंद कोसंबी पाली शिकण्याच्या ध्यासाने 1902 साली या बेटावर आले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हस्ते त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली, याचीही त्या गर्दीत चालताना मला आठवण झाली. ज्ञानासाठी समुद्र ओलांडून या भूमीवर येणाऱ्यांची परंपरा केवढी दीर्घ आहे!

पूर्वेस आठ मैलांवर मिहिंतले आहे. मृगयेस निघालेल्या देवानांपिय तिस्स राजाला अशोकपुत्र महिंद येथे भेटला आणि बेटाचा धर्म पालटला. ती कथा सर्वश्रुत आहे. पायऱ्या चढताना मला खिळवून ठेवले ते मात्र दहाव्या शतकातील चौथ्या महिंद राजाच्या दोन उभ्या शिलालेखांनी. विहाराच्या कारभाराचे ते कायदेकानूच आहेत. कोणत्या सेवकास किती जमीन नि किती तांदूळ द्यावा, भिक्षूंनी केव्हा उठावे, रोजचा जमाखर्च वहीत लिहून ती वही पेटीत कुलूपबंद कशी ठेवावी, महिन्याचा ताळेबंद कसा काढावा आणि बारा ताळेबंदांवरून केलेला सालाचा हिशेब संघापुढे कसा वाचून दाखवावा, हे सारे तपशील त्यांत आहेत. ज्या समाजाने मठाचे दप्तर इतक्या काटेकोरपणे राखले, त्याने पाण्याचा हिशेब ढिला ठेवला असेल हे संभवनीय वाटत नाही. आणि दक्षिणेकडे कला वेवेच्या वाटेला लागल्यावर त्याची खात्रीच पटली.

कला वेव हे पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेले सरोवर. त्यातून अनुराधपुरच्या तिस्स वेवेकडे पाणी नेणारा जो कालवा त्याने खोदला त्याला जया गंगा किंवा योध एळ म्हणतात. त्याची लांबी सुमारे 54 मैल आहे, आणि पहिल्या 17 मैलांत त्याचा उतार मैलामागे अवघा 6 इंच आहे. आजच्या उपकरणांनिशीही इतका सौम्य उतार इतक्या लांबवर साधणे सोपे नाही. मी काठाकाठाने चाललो तेव्हा आणखी एक विशेष ध्यानात आला. या कालव्याला बांध आहे तो एकाच, उताराकडच्या बाजूला. वरच्या बाजूने तो मोकळा सोडलेला आहे. त्यामुळे रानातून वाहून येणारे पावसाचे पाणी जागोजाग त्यात मिळते, सखल जागी तो पसरून लहान तळ्याचे रूप घेतो, आणि वाटेतल्या गावांना भिजवीत पुढे जातो. त्याला कालवा म्हणण्यापेक्षा माणसाने घडवलेली संथ नदी म्हणणेच योग्य होईल. एके ठिकाणी म्हशी पाण्यात डुंबत होत्या, पलीकडे कुंभ्याच्या झाडाला टेकून एक शाळकरी मुलगा गळ टाकून बसला होता, आणि प्रवाह इतका मंद होता की त्यावर पडलेले पान पुढे सरकते आहे की नाही हे समजायला क्षणभर थांबावे लागत होते.

या सरोवराची कथा महावंस या पाली इतिवृत्ताच्या उत्तरखंडात आली आहे. धातुसेनाचा पुत्र कश्यप याने बापाला बंदीत टाकले आणि दडवलेला खजिना दाखव असा तगादा लावला. वृद्ध राजाने कला वेवेकडे जाण्याची परवानगी मागितली. तेथे तो आपल्या जुन्या भिक्षुमित्राला भेटला, मनसोक्त पोहला, ओंजळभर पाणी घेतले आणि पहारेकऱ्यांना सांगितले की माझे सारे धन ते एवढेच. कश्यपाने क्रोधाने त्याचा वध करवला. त्याला जिवंत भिंतीत चिणल्याचे सांगतात. परंतु ग्रंथकार येथेच थांबत नाही. हाच बांध घालताना ध्यानस्थ बसलेला एक भिक्षू जागचा हलेना, म्हणून धातुसेनाने त्याच्यावर माती लोटविली होती, आणि राजाच्या शेवटाचे कारण ते पाप होय, असेही तो नमूद करतो. लोकोपयोगी कामाचा गौरव आणि त्या कामापायी घडलेल्या क्रौर्याचा पाढा एकाच पानावर वाचणाऱ्या त्या भिक्षू-इतिहासकाराविषयी मला अपार आदर वाटला. धरणाखाली बुडालेली गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही कथा केवळ पुराण वाटणार नाही.

या तळ्यांचे स्थापत्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. बांधाच्या पाण्याकडील अंगाला लाटांचा मारा सोसण्यासाठी ओबडधोबड दगडांचा थर रचलेला असतो. त्याला रळपनाव म्हणतात. खरे मर्म आहे ते बिसोकोटुवेत. वाटेतल्या एका जुन्या तलावाच्या बांधावर, झुडपे बाजूला सारून, एका शेतकऱ्याने मला ती दाखवली: तासलेल्या शिळांनी चारी बाजूंनी बांधून काढलेला एक चौकोनी हौद, सांधे इतके घट्ट की सुरीचे पातेही आत जाऊ नये, आणि तळाशी समोरासमोर दोन ठेंगण्या मोऱ्या, एक तळ्याकडची नि एक शेताकडची. खोल तळ्यातून थेट मोरीवाटे सोडलेले पाणी आपल्या दाबाने बांध पोखरून टाकते. तेच या हौदात आणून, तेथे दारे बसवून सोडले की त्याचा वेग आवरता येतो आणि हवे तेवढेच पाणी बाहेर जाते. एकोणिसाव्या शतकात हेन्री पार्कर नावाच्या इंग्रज अभियंत्याने अशा हौदांची मोजमापे घेतली आणि आधुनिक धरणांच्या झडप-मनोऱ्यांचे काम ते दोन हजार वर्षांपूर्वीपासून करीत आले आहेत हे दाखवून दिले.

मोठी तळी राजांची. रयतेचा संसार चालतो तो गावतळ्यांवर. एकाच ओढ्याच्या खोऱ्यात ती एकाखाली एक अशी ओळीने बांधलेली असतात, म्हणजे वरच्या गावाच्या शेतातून निसटलेले पाणी खालच्या गावाच्या तळ्यात जमा होते. प्रत्येक तळ्याभोवतीच्या रानालाही नेमून दिलेले काम आहे. वरच्या बाजूस गस्गोम्मन, म्हणजे वारा अडवून बाष्पीभवन कमी करणारी झाडी. तिच्या लगत पेरहन नावाचा गवताचा पट्टा, जो येणाऱ्या पाण्यातला गाळ गाळून घेतो. आणि बांधाखाली, शेत सुरू होण्याआधी, कट्टकडुव हे दाट झाडांचे बन, जे पाझरणाऱ्या पाण्यातील क्षार शोषून भातजमिनी खारावू देत नाही. भंडारा-चांद्याकडचे कोहळी लोकांचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही रचना आपलीशी वाटेल, आणि त्या तलावांभोवतीची झाडी आपण कशी गमावली याचे दुःखही होईल.

एका दुपारी अशाच एका गावात मुक्काम पडला. केळीच्या पानावर कुरक्कनाची, म्हणजे आपल्या नाचणीची, जाड भाकरी, तळ्यातल्या मासळीचे तिखट कालवण आणि कमळाच्या देठांची भाजी आली. जेवणानंतर यजमानांनी शेताकडे नेऊन पाणीवाटपाच्या रीती समजावून सांगितल्या. भाताचे हंगाम दोन: पावसाळी महा आणि उन्हाळी यल. यलच्या आरंभी तळ्यात पाणी अपुरे असेल तर गाव बेत्म करते. अर्थात बांधालगतचा जेवढा तुकडा भिजू शकेल तेवढाच कसायचा, आणि तो त्या हंगामापुरता सर्व खातेदारांत त्यांच्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. ज्याची जमीन शेवटाला, कोरडी, त्यालाही अव्वल जागी वाटा मिळतो, आणि अव्वल जमिनीचा धनी आपल्या मालकीच्या शेतात दुसऱ्याचा नांगर चाललेला पाहतो. खानदेशात पांझरेकाठच्या फडपद्धतीत पाणी असेल तेवढेच फड भिजवण्याचा जो न्याय आहे, त्याचाच हा सिंहली भाऊबंद. वाटपावर देखरेख ठेवण्याचे काम पूर्वी वेल्‌विदाने या गावकामगाराकडे असे. पिकाची एक पट्टी पाखरांसाठी सोडण्याची चालही येथे आहे; तिला कुरुलु पाळुव म्हणतात. “तळे आमचे आहे तसे त्यांचेही आहे,” एवढेच यजमान म्हणाले, आणि बांधावरच्या अय्यनायक देवाच्या स्थानाला हात जोडून पुढे निघाले.

अवुकन येथील सुमारे चाळीस फुटी उभी बुद्धमूर्ती अखंड खडकातून कोरलेली आहे; तिच्या वस्त्राच्या समांतर चुण्यांवर सकाळचे ऊन पडते तेव्हा दगड पातळ झाल्यासारखा वाटतो. तेथून सीगिरियला गेलो. पितृघातकी कश्यपाने भावाच्या, मोग्गल्लानाच्या, भयाने या सहाशे फूट उंच सुळक्यावर राजप्रासाद बांधला आणि 495 साली रणात तो संपेपर्यंत तेथूनच राज्य केले. अर्ध्या कड्यावरील त्या सुवर्णवर्णी स्त्रियांची चित्रे पाहताना मराठी माणसाला अजिंठा आठवणे अपरिहार्य आहे, कारण दोन्ही ठिकाणचे उत्तम काम एकाच शतकातले. तरीपण दृष्टी वेगळी आहे. अजिंठ्याचा चित्रकार कथा सांगतो, गर्दी रंगवतो. येथे कथाच नाही, ढगांतून वर आलेल्या आकृती आहेत आणि हातांत फुले आहेत. खालच्या आरशासारख्या घोटलेल्या भिंतीवर शतकानुशतकांच्या प्रेक्षकांनी या स्त्रियांना उद्देशून पद्ये खरडली. सेनरत परणवितान यांनी त्यांतली 685 वाचून 1956 साली प्रसिद्ध केली. पण बापाने पाणी हेच धन मानले आणि पुत्राने त्याला त्यासाठी मारले, या गोष्टीचे उत्तर मला पायथ्याच्या उद्यानात मिळाले. तेथील कारंजी निव्वळ उंचीच्या दाबावर चालतात आणि पावसाळ्यात आजही उडतात. पाण्याची विद्या त्या घराण्यात खुनानेही खंडित झाली नाही.

मिन्नेरियचे सरोवर महासेनाचे, ज्याने जेतवनाराम आरंभिला त्याचेच. भिक्षुसंघाच्या एका पक्षाशी वैर धरल्यामुळे इतिहासकारांनी त्याची निर्भर्त्सना केली, परंतु शेतकऱ्यांनी त्याला मिन्नेरियचा देव करून टाकले, आणि आजही तळ्याच्या काठी त्याची पूजा होते. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि त्यासाठी दूरदूरच्या रानांतून हत्तींचे कळप येथे जमतात. ऐन हंगामात 200 ते 300 हत्ती एकाच वेळी दिसतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एक हत्तीण पायाने गवताची जुडी उकरीत होती, सोंडेने ती उपटून मांडीवर दोनतीनदा झटकून माती झाडीत होती आणि मगच मुखी घालीत होती. शेजारी उभे असलेले तिचे पिलू तोच प्रकार करू पाहत होते आणि गवत खाली पाडीत होते. माणसाने भातासाठी बांधलेल्या तळ्याने सतरा शतकांत या पशूंच्या जीवनक्रमाला वळण लावले आहे, हे मला फार विलक्षण वाटले. अलीकडे नव्या धरणांतून भर उन्हाळ्यात येथे पाणी सोडले जाते, त्यामुळे गवत बुडते आणि कळप शेतांकडे वळतात, अशी तेथील वन्यजीव अभ्यासकांची तक्रार आहे. ती डावलण्याजोगी नाही.

अखेरचा टप्पा पोलोन्नरुव. अकराव्या शतकात चोलांनी अनुराधपुर जिंकून राजधानी इकडे हलवली; त्यांच्या अमलातील घडीव दगडांचे शिवमंदिर आजही उभे आहे आणि त्याच्या भिंतींवरचे तमिळ लेख शाबूत आहेत. पहिल्या विजयबाहूने चोलांना घालवले, आणि बाराव्या शतकात पराक्रमबाहूने या नगराला वैभव आणले. पावसाचा थेंबसुद्धा माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रास मिळू नये, असा त्याचा संकल्प महावंसात नोंदलेला आहे, आणि त्याने बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या 163 मोठ्या व 2,376 लहान तळ्यांची गणतीही त्या ग्रंथात दिली आहे. त्याच्या नावाच्या ‘समुद्रा’चा बांध सुमारे 14 किलोमीटर लांब आहे. गल विहारातील निर्वाणस्थ बुद्धाच्या मस्तकाखाली दगडाच्याच उशीला पडलेला खळगा पाहून मन भरून येते. पण त्या मूर्तीपासून परतताना पाय पुन्हा बांधाकडेच वळले.

पुढे 1215 साली कलिंगाच्या माघाने हा मुलूख उद्ध्वस्त केला, राजसत्ता दक्षिणेकडे सरकली, फुटलेल्या तळ्यांत रान माजले आणि हिवतापाने उरलेली वस्ती पोखरली. मोठी सरोवरे शतकानुशतके मृतवत पडली, कारण त्यांना राजाचा खजिना नि वेठ लागे. लहान गावतळी मात्र कित्येक ठिकाणी जिवंत राहिली, कारण त्यांची डागडुजी गावाच्या रिवाजावर चाले. इंग्रजांनी 1832 साली राजकारिय ही सक्तीची सेवा रद्द केली. अन्यायाचा तो अंत होता. पण बांध दुरुस्तीची जबाबदारीही त्याबरोबर निराधार झाली, आणि 1856 साली जुने गावरिवाज कायद्याने पुन्हा मान्य करण्याची पाळी सरकारवर आली. कला वेव 1887 च्या सुमारास पुन्हा भरली. आज महावैली नदीचे पाणी बोगद्यांतून या प्राचीन तळ्यांत येते. भात पिकते, परंतु गेल्या काही दशकांत याच प्रांतातील हजारो शेतकऱ्यांना मूत्रपिंडाच्या ज्या विकाराने ग्रासले आहे त्याचे कारण निर्विवादपणे ठरलेले नाही, आणि विहिरीचे पाणी सोडून शुद्धीकरण केंद्रावर घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसे या जलसमृद्ध मुलखात जागोजाग दिसतात. तो देखावा पाहून मी अत्यंत अस्वस्थ झालो.

परतण्यापूर्वी एका तळ्याखालच्या शेतकऱ्यांच्या कन्न सभेला बसण्याची संधी मिळाली. प्रत्येक हंगामापूर्वी ही सभा भरते आणि तिच्यात पाणी सोडण्याची तारीख, पेरणीची मुदत, भाताचा वाण आणि गुरे केव्हापासून बांधून ठेवायची हे ठरते. विहाराच्या पडवीत शंभरावर माणसे चटयांवर बसली होती. त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या. पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याने तळ्यातील पाण्याची उंची वाचून दाखवली आणि आग्रह धरला की तळे भरण्याची वाट न पाहता पहिल्या पावसावरच नांगरणी करावी, म्हणजे साठा यलसाठी शिल्लक राहील. एक वयस्क शेतकरी उठला. पाऊस दगा देऊन गेला तर दुबार बियाण्याचा खर्च सरकार सोसणार काय, असे त्याने विचारले. त्यावर बराच वेळ वाद झाला, दुभाष्या मला अर्धेमुर्धे सांगत राहिला. अखेरीस मागच्या ओळीतल्या एका बाईने सुचवले की शेवटाकडच्या शेतांनी पहिल्या पावसावर पेरावे आणि पाऊस ताणला तर पहिले आवर्तन त्यांनाच द्यावे. अधिकाऱ्याने मान्य आहे का म्हणून विचारले, हात वर झाले, आणि कारकुनाने ठराव वहीत उतरवून घेतला.